सहलीतील एक जेवण त्या शहरासाठी सोडा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत हिवाळी सहलींच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. ठिकाणे निरनिराळी असली, तरी 'संपूर्ण सहलीत घरगुती महाराष्ट्रीय भोजन, सोबत आपले आचारी' ही ओळ जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ठळक अक्षरांत असते. गेल्या जानेवारीत याच ओळीवर विसंबून मी आणि माझे यजमान पाच दिवसांच्या कोलकाता सहलीला गेलो होतो. त्या अनुभवावरून सहल कंपन्यांना आणि सहलीला निघणाऱ्या वाचकांना एक विनंती करावी, म्हणून हे पत्र.

आमच्या सोबतच्या आचाऱ्यांच्या हाताला चव होती, हे आधी सांगते. पहिल्या रात्री वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि शिरा होता. दुसऱ्या दिवशी पिठले-भाकरी होती आणि ती माझ्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा उजवी होती. तक्रार एवढीच की, कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे तंतोतंत वागले असते, तर पाच दिवस कोलकात्यात राहून मोहरीच्या तेलाचा वाससुद्धा आमच्या नाकापर्यंत पोहोचला नसता. चौथ्या रात्री 'आज खास गोड' म्हणून आमच्या पानात गुलाबजाम पडले. ज्या शहरात बागबाजारच्या नोबिनचंद्र दास यांच्या १८६८ मधल्या रसगुल्ल्याची आजही अभिमानाने आठवण काढतात आणि ज्या राज्याने त्या रसगुल्ल्यासाठी ओडिशाशी वाद घालून २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले, तिथे आम्ही गुलाबजाम खाल्ले.

सोबत आचारी नेण्याच्या पद्धतीला मी नावे ठेवत नाही. बाहेरचे पाणी पिण्याचीही भीती असलेली एक अख्खी पिढी या वरणभाताच्या भरवशावर घराबाहेर पडली. माझी आई वयाच्या सत्तरीत चारधाम करून आली ती त्यामुळेच. मधुमेह असलेले, उपास करणारे, कांदा-लसूण वर्ज्य असलेले प्रवासी आजही प्रत्येक गटात असतात आणि त्यांना वेळेवर ओळखीचे अन्न मिळणे ही चैन नसून गरज आहे. शिवाय ही खोड एकट्या मराठी माणसाची आहे असेही नाही. बंगाली सहल कंपन्याही आपापले आचारी बरोबर घेऊन भारतभर फिरतात. म्हणजे आपण हुगळीच्या काठी पिठले खातो, त्याच वेळी कुणी बंगाली कुटुंब महाबळेश्वरला माशाचे कालवण खात असेल. तेव्हा मागणी आहे ती सहलीतील प्रत्येक जेवण असे असू नये, एवढीच.

रविवारी सकाळी नऊला बस व्हिक्टोरिया मेमोरियलकडे निघणार होती. आम्ही दोघे सहा वाजताच टॅक्सी करून लालबाजारजवळच्या टिरेटी बाजारात गेलो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे बाजार वसवणाऱ्या एदुआर्दो तिरेत्ता या इटालियन गृहस्थाच्या नावावरून हे नाव पडले. आता तिथे भल्या पहाटे चिनी न्याहारी मिळते आणि साडेआठपर्यंत सारे आटोपलेले असते. रस्त्याकडेला मोठमोठ्या पातेल्यांतून वाफ येत असते. माशाच्या गोळ्यांचे पातळ सूप, डुकराच्या मांसाचे सारण भरलेले वाफवलेले पांढरे पाव आणि मोमो विकायला असतात. माझे यजमान शाकाहारी असल्याने त्यांना तिळात घोळवून तळलेल्या, तांदळाच्या पिठाच्या चिकट गोड गोळ्यांवर आणि शेजारच्या गाडीवरच्या पुरीभाजीवर भागवावे लागले. मी मात्र दोन वाट्या सूप प्यायले.

ही न्याहारी काही पर्यटकांसाठी मांडलेली जत्रा नव्हे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग आछू नावाच्या चिनी माणसाने बजबजजवळ जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला, तेव्हापासून कोलकात्यात चिनी वस्ती आहे. त्याच्याच नावावरून त्या गावाला आछीपूर म्हणतात. पुढे हाक्का लोकांनी टांग्रा भागात चामडे कमावण्याचे कारखाने उभारले. १९६२ च्या युद्धानंतर त्यांच्यापैकी अनेकांना थेट राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले आणि सुटल्यावर पुष्कळजण कॅनडाला निघून गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चामड्याचे कारखाने शहराबाहेर बांतला येथे हलवण्याचा आदेश दिला, त्यानंतर टांग्र्यातल्या अनेक कुटुंबांची मदार खाणावळींवरच उरली. तिथल्या चिनी कालीमंदिरात देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. ज्या 'मांचुरियन'वाचून आमच्या डोंबिवलीतल्या एकाही कोपऱ्यावरची संध्याकाळ सरत नाही, त्याचे श्रेय नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्याला दिले जाते; १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी ते पहिल्यांदा केले. आमच्या गटातील अनेकांना 'चायनीज भेळ' ठाऊक होती. तिचे आजोळ आमच्या हॉटेलपासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर होते आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेखही नव्हता.

दुसरी चोरी आम्ही सोमवारी दुपारी केली. गटाला खरेदीसाठी तीन तास दिले होते, ते आम्ही कॉलेज स्ट्रीटजवळच्या एका 'पाइस होटेल'मध्ये घालवले. पैशा-पैशाच्या हिशेबाने जेवण देणाऱ्या, म्हणजे आपल्या गिरणगावातल्या खाणावळींच्या जातकुळीतल्या या जागा. आम्ही गेलो ते 'स्वाधीन भारत हिंदू होटेल' १९२७ पासून चालू आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते नुसते 'हिंदू होटेल' होते. फळ्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात, प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे आणि खालच्या केळीच्या पानाचेही वेगळे. वाढपी पदार्थांची नावे एका दमात म्हणून दाखवतो. त्यातली निम्मी कळत नाहीत, पण शेजारी जेवणारा अनोळखी माणूस हातातला घास थांबवून समजावून सांगतो.

तिथे मला पहिल्यांदा उमगले की, फरक पदार्थांपेक्षा जेवण्याच्या रीतीत अधिक आहे. आपल्या पानात डावे-उजवे ठरलेले असते. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद. सारे एकदम वाढले जाते आणि जेवणारा आपल्या मर्जीने इकडून तिकडे हिंडतो. बंगाली पान पायरीपायरीने चढते. सुरुवातीला कडू, म्हणजे कारले, शेवग्याच्या शेंगा, कच्चे केळे आणि वांगे यांचा दुधाने सौम्य केलेला 'शुक्तो'. मग डाळ आणि तिच्याबरोबर काहीतरी तळलेले. मग भाज्या, मग मासा, नंतर गोडसर चटणी आणि पापड, शेवटी मिष्टान्न. यजमानांनी सवयीने चटणी आधी मागितली, तेव्हा वाढप्याने अतिशय सौजन्याने ती आणण्याचे टाळले.

शाकाहारी माणसाचे कोलकात्यात हाल होतात, हा समज आमच्या गटात इतका पक्का होता की, बाहेर जेवण्याचा विषयच कोणी काढेना. प्रत्यक्षात आम्हाला तिथे केळफुलाचा 'मोचार घोंटो' मिळाला. केळफूल सोलताना हात काळे पडतात, म्हणून बोटांना तेल लावणारी कोकणातली कोणतीही बाई त्या पदार्थामागचे श्रम जाणू शकेल. जी खसखस आपल्याकडे अनारशांच्या पाठीला लागण्यापुरती डब्यातून बाहेर येते, तिची वाटून केलेली बटाट्याची भाजी, 'आलू पोस्तो', तिथे रोजच्या जेवणात आहे. कंपनी सरकारने पूर्व भारतात अफूची शेती वाढवली, बोंडातला चीक निघून गेल्यावर उरलेले बी घरात आले आणि त्यातून हा पदार्थ रुजला, असे सांगतात. बंगालच्या निरामिष स्वयंपाकाचा मोठा भाग तर तिथल्या विधवांनी घडवला आहे. मासा, मांस, कांदा, लसूण, इतकेच काय मसुराची डाळही त्यांना वर्ज्य होती. जे उरले त्यातून, भाज्यांच्या साली आणि देठांतूनही, त्यांनी चव उभी केली. आपल्याकडच्या आलवणातल्या बायकांची आठवण येऊन तो घास मला सहजी गिळवला नाही, हेही नमूद करते.

बाकीचे थोडक्यात सांगते. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कोलकात्यास आला आणि मटियाबुर्जला राहिला; तिथल्या बिर्याणीत जो अख्खा बटाटा असतो, तो मांस परवडेना म्हणून आला अशी दंतकथा आहे, आणि त्याचे वंशज ती ठामपणे नाकारतात. १८७४ मध्ये उघडलेल्या न्यू मार्केटात १९०२ पासून चालणारी नाहूम यांची बगदादी ज्यूंची बेकरी आहे. 'काठी रोल'मधली काठी ही आपलीच काठी, म्हणजे कबाब भाजण्याची बांबूची कामटी. यांपैकी प्रत्येक ठिकाणी अर्धा तास पुरतो.

मिठाईविषयी मात्र थोडक्यात लिहिणे जमणार नाही. जानेवारी हा तिथे खजुरीच्या नव्या गुळाचा, 'नोलेन गुड'चा काळ. तो गूळ घातलेला संदेश थंडीचे दोन-तीन महिनेच मिळतो आणि त्याचा धुरकट वास डब्यातून मुंबईपर्यंत टिकत नाही, हे आम्ही डबाभर आणून पाहिले आहे. दूध मुद्दाम फाडून केलेल्या छेन्यावर बंगालची बहुतेक मिठाई उभी आहे. आपल्या घरात दूध नासले की बाईचा जीव हळहळतो. तिथे दूध नासवण्याचे शास्त्र झाले. हुगळीच्या काठी वसलेल्या पोर्तुगीजांकडून ते आले, असे काही अभ्यासक मानतात. त्यांच्या बंडेल या ठाण्याच्या नावाचे खारट, धुरावलेले चीज आजही न्यू मार्केटात लहानशा चकत्यांच्या रूपात मिळते. गोव्याला ज्यांनी पाव दिला, त्यांनीच बंगालला चीज दिले, हे कळायला सहलीतल्या कोणत्याही राजवाड्यापेक्षा ती एक खारट चकती अधिक उपयोगी पडली.

आता विनंतीकडे येते. पाच दिवसांच्या सहलीत निदान दोन जेवणे आणि एक न्याहारी कंपनीने मोकळी सोडावी, त्यांचे पैसे सहलीच्या दरातून वजा करावेत आणि ज्यांना घरचेच जेवण हवे असेल त्यांच्यासाठी आचारी नेहमीप्रमाणे स्वयंपाक करीत राहावेत. दुसरे असे की, खाण्याच्या जागा वेळेसह कार्यक्रमपत्रिकेत लिहाव्यात. टिरेटी बाजार दुपारी दाखवून काही उपयोग नाही आणि नव्या गुळाचा संदेश मे महिन्यात शोधणे व्यर्थ आहे. मार्गदर्शकाला व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संगमरवराची सगळी माहिती मुखोद्गत होती, पण शुक्तो कुठे चांगला मिळतो असे विचारल्यावर त्याने आम्हाला हॉटेलातल्या बुफेकडे पाठवले. तो बिचारा स्वतः बंगाली होता. मराठी गटांना हे नको असते, असे त्याला वर्षानुवर्षे सांगण्यात आले होते.

पोट बिघडण्याची भीती ही खरी हरकत आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. परंतु आमच्या गटात पोट बिघडले ते तिघांचे आणि तिघेही सहलीच्या पंगतीतच जेवणारे होते. गरम वाफेचे आणि डोळ्यांदेखत तळलेले खावे, कापून ठेवलेली फळे आणि उघडे पाणी टाळावे, एवढी काळजी घेतली की आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांनाही निभावते. वेळ नसतो, ही सबब मला तितकी पटत नाही, कारण त्याच पाच दिवसांत साड्यांच्या तीन दुकानांसाठी आम्हाला वेळ काढून देण्यात आला होता.

एक गंमत जाता जाता सांगण्यासारखी आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन कोलकातावासीयांनी शहराभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही, मराठे तिथवर पोहोचले नाहीत आणि १७९९ मध्ये तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड काढण्यात आला. आज मराठ्यांच्या बसगाड्या त्या रस्त्यावरून बिनधास्त जातात, आणि बसच्या पोटात स्वतःचा शिधा असतो.

येत्या फेब्रुवारीत हैदराबादला जायचे आमच्या मनात आहे. चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय प्रत्येक माहितीपत्रकात आहे. निजामाच्या फौजेतल्या हद्रमी अरबांचे वंशज जिथे राहतात, त्या बरकसमधली मंडी, म्हणजे थाळाभर भातावर मांस मांडून चौघांनी मिळून खायचा येमेनी पदार्थ, मी पाहिलेल्या एकाही माहितीपत्रकात नाही. ज्या कंपनीच्या पत्रकात त्या संध्याकाळपुढे 'जेवण आपापले' असे लिहिलेले सापडेल, तिच्याकडे आमची दोन नावे त्याच दिवशी नोंदवली जातील. यजमान अर्थातच तिथेही पुरीभाजी शोधतील.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)