उत्तर त्याच पानावर छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या मुलांच्या पानावर उन्हाळी सुट्टीत घरी करायचे पाच प्रयोग आले होते. खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, मिठाच्या पाण्यात तरंगणारं अंडं वगैरे. प्रत्येकाखाली चौकट होती, ‘असे का होते?’ माझ्या नातीने आधी चौकटी वाचल्या, “कळलं” म्हणाली आणि पान मिटून पुन्हा मोबाइल उचलला. प्रयोग एकही झाला नाही. माझी तक्रार त्या चौकटींबद्दल आहे.

मी एका माध्यमिक शाळेत २९ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, तपासणी आली की कपाटातल्या सापळ्यावरची धूळ झटकायची. प्रयोगवहीतला निरीक्षणाचा रकाना मुलं प्रयोगाच्या आधीच भरून आणत, कारण आकडे गाईडात तयार असत. चुकलेला आकडा वहीत तसाच ठेवणारी मुलं इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. त्यामुळे नातवंडं सुट्टीला आली की मी दोनच पथ्यं पाळतो. विकतचं काही आणायचं नाही आणि उत्तर सांगायचं नाही. दुसरं पाळणं फार जड जातं.

यंदा ती पुण्याहून मेच्या पहिल्या आठवड्यात आली. आमच्या साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस १० मेच्या सुमारास असतो. मी एवढंच म्हणालो, की भर दुपारी उभ्या डब्याची सावली नाहीशी होते म्हणतात, खरं की खोटं ते बघा. गच्चीवर आधी पेला ठेवला. पण पेल्याचं तोंड बुडापेक्षा रुंद, सावलीची कड धड कळेना. मग सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा आणला. बारा वाजले. डब्याच्या एका अंगाला चांगली बोटभर रुंद सावली! “आजोबा, तुम्ही फेकता,” म्हणून तिसरीतला नातू पाय भाजतात या सबबीवर खाली पळाला. सहावीतली नात हट्टी. ती दर पाच मिनिटांनी खडूने सावलीची कड आखत बसली. साडेबारा वाजले आणि सावली खरंच गेली. डबा फरशीवर नुसता चिकटवल्यासारखा दिसत होता. थोड्या वेळात सावली दुसऱ्या अंगाने हळूच बाहेर आली.

आता भांडण सुरू झालं, की बारा म्हणजे माध्यान्ह, तर ही अर्धा तास उशिरा का? मी गप्प. दोन दिवस नकाशाची वही उघडी पडली होती. अखेर नातीलाच सापडलं की आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूला लावलेलं आहे आणि सातारा ७४ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, एकूण ३४ मिनिटं. “मग वरची चार मिनिटं कुठं गेली?” हा प्रश्न तिने विचारला तेव्हा मला जो आनंद झाला, तो पेन्शनच्या पहिल्या तारखेलाही होत नाही. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि ती सूर्याभोवती सारख्या वेगाने फिरत नाही, त्यामुळे मेच्या मध्यात सूर्य घड्याळापेक्षा साडेतीन-पावणेचार मिनिटं पुढे असतो, हे मात्र मला सांगावं लागलं. सावली बारालाच गेली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

हा दिवस सगळीकडे एकदम येत नाही, हेही मुलांना ठाऊक नसतं. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मे. सूर्य गावोगाव मुक्काम करत उत्तरेला निघाल्यासारखा. कर्कवृत्ताच्या पलीकडे, म्हणजे दिल्लीला, तो कधीच डोक्यावर येत नाही. परतीच्या वाटेवर तो साताऱ्यावरून ऑगस्टच्या सुरुवातीला जातो, पण तेव्हा आमच्याकडे सूर्य दिसला तर पेढे वाटावेत अशी स्थिती.

दुसरा प्रयोग माठाचा. सहा लिटरचा लहान माठ संध्याकाळी भरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मोजला. दुकानदाराने आधी मुलांकडे आणि मग माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. रात्रभर कोणी पाणी प्यायचं नाही अशी सक्त ताकीद. सकाळी माठ ४०० ग्रॅमने हलका भरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “गळत असेल मेला.” मग दुसऱ्या रात्री खाली परात ठेवली. सकाळी परात कोरडी आणि माठ पुन्हा हलका. काकूंच्या शंकेने प्रयोग पक्का झाला, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमच्या घरात प्रदर्शनातून आणलेला, ऑइलपेंटने रंगवलेला, वारली चित्रांचा एक माठही आहे. सूनबाईंचा आवडता. त्याचंही वजन केलं, तर ते जेमतेम ३० ग्रॅम घटलेलं आणि पाणी कोमट. रंगाने माठाची छिद्रं बुजली की पाणी बाहेर झिरपत नाही आणि झिरपलं नाही तर उडणार काय? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी एक अंशाने निवेल इतकी. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ३५ अंशांपासून सुरू होतो. आम्ही बोटांनीच भागवलं. मालवणच्या मेहुण्यांना फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडे माठ तुमच्याइतका गार होतच नाही. का, ते नातू सध्या शोधतो आहे. त्याने हवेतल्या दमटपणापर्यंत मजल मारली आहे.

हळदीच्या पाण्यात चुना घातला की लाल होतं, हे आजीच्या कुंकवाच्या करंड्यातलंच ज्ञान. त्यावर अधिक लिहीत नाही. एवढंच, की चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, तेव्हा तो मोठ्यांनीच हाताळावा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हेही दरवेळी बजवावंच लागतं.

कवडशांबद्दल मात्र लिहितो. पुठ्ठ्याला चौकोनी, तिकोनी अशी हरभऱ्यापेक्षा लहान भोकं पाडून तो दुपारच्या उन्हात धरावा आणि सावलीत पडणारा कवडसा बघावा. पुठ्ठा जमिनीजवळ असताना भोकाचाच आकार दिसतो. वर वर नेला की कवडसा गोल होतो. तीन मीटर उंचीवरून पडला तर तो साधारण पावणेतीन सेंटिमीटरचा भरतो. २६ डिसेंबर २०१९ला सूर्यग्रहण होतं, तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. तो गोल का होतो, हे मी इथे सांगत नाही. सांगितलं तर आपल्या चौकटीत आणि माझ्या पत्रात फरक काय राहिला?

बाजारात हल्ली विज्ञानाच्या खेळांचे खोके मिळतात, हजार-दीड हजारांचे, आत प्लॅस्टिक आणि उत्तरांची पुस्तिका. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या, मुलांसाठीच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे बिनपैशाचं विज्ञान काही कमी प्रतीचं नव्हे.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या रविवारी एकच प्रयोग छापा, तोही प्रश्नासकट अर्धवट. मुलांकडून त्यांचे आकडे मागवा आणि चुकलेले, न जुळलेले आकडेही गावाच्या नावासह छापा. उत्तर आठ दिवसांनी द्या. आणि पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस जिल्हावार शून्य सावलीच्या तारखांचा तक्ता पंचांगाशेजारी द्यावा. त्यात वेळ मात्र छापू नये.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, सातारा