भाजीचे पाणी आणि ब्रेडची पाककृती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडेच भाज्या आणि चीज घालून घरी भाजायच्या खाऱ्या ब्रेडची पाककृती प्रसिद्ध झाली. यीस्ट नको, मळणे नको, तासाभरात तयार, असा तिचा दावा होता आणि छायाचित्रही मोहात पाडणारे होते, म्हणून एकही शब्द इकडचा तिकडे न करता मी हा ब्रेड केला. वरचा रंग छायाचित्राबरहुकूम आला. कापायला घेतला तेव्हा मात्र सुरीच्या पात्याला ओल्या पिठाचा थर लागून आला आणि मधोमध बोटभर जाडीचा गिच्च पट्टा दिसला. चूक माझ्या हाताची की पाककृतीची, हे ठरवण्यासाठी मी तो आणखी दोनदा केला. त्यावरून जे लक्षात आले ते आपल्यापर्यंत पोचवावे, म्हणून हे पत्र.

पाककृतीत ‘दोन कप किसलेली झुकिनी’ एवढेच म्हटले आहे. झुकिनीत सुमारे 95 टक्के पाणीच असते आणि पालकातही ते 90 टक्क्यांच्या वर जाते. दुसऱ्या खेपेस मी 300 ग्रॅम झुकिनी किसून, तिला अर्धा चमचा मीठ लावून, वीस मिनिटे चाळणीत ठेवली आणि मग सुती फडक्यात घट्ट पिळली, तेव्हा खालच्या वाटीत जवळजवळ 100 मिलिलिटर हिरवट पाणी जमले. मूळ पाककृतीत दूध अर्धा कप आहे. म्हणजे दुधाच्या बरोबरीचे दुसरे पाणी, कोणी न मोजता, पिठात जात होते. हे पाणी सुटते ते भाजताना, आणि ब्रेडच्या मध्यभागी उष्णता सर्वांत उशिरा पोचत असल्यामुळे कडा खरपूस होऊन गेल्या तरी आतला भाग ओलाच राहतो. गाजराला एवढा खटाटोप लागत नाही, नुसते किसून घातले तरी चालते. कांदा, ढोबळी मिरची आणि मश्रूम मात्र आधी तव्यावर परतून पूर्ण गार करून घ्यावेत, कारण गरम भाजी पिठात पडली की चीज तिथेच वितळू लागते.

भाजीला मीठ लावले की पिठातले मीठ कमी करायला हवे, शिवाय चीज स्वतःच खारट असते. माझा दुसरा ब्रेड आतून कोरडा झाला खरा, पण तो खारटपणामुळे कोणी दुसऱ्यांदा मागितला नाही!

मापांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. एका कपात मैदा चमच्याने हलके भरला तर तो सुमारे 120 ग्रॅम भरतो आणि कपच पिठात खुपसून दाबून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांत हा फरक 60 ग्रॅमचा होतो आणि तेवढ्याने एकाचा ब्रेड मऊसूत तर दुसऱ्याचा भरड व कोरडा होऊ शकतो. वजन ग्रॅममध्ये छापल्यास हा घोळच उरणार नाही. तसेच साच्याचे माप दिल्याखेरीज ‘चाळीस मिनिटे भाजावे’ या सूचनेला अर्थ राहत नाही. माझ्या 23 सेंटिमीटर लांबीच्या साच्यात, 180 अंशांवर, पिळलेल्या भाजीचा ब्रेडही 52 मिनिटांनी झाला. विणायची सुई मध्यभागी खुपसून पाहताना एक फसगत होते, तीही सांगून ठेवते. सुई वितळलेल्या चीजमधून गेली तर ती तारेसह बाहेर येते आणि ब्रेड कच्चा असल्याचा भास होतो, त्यामुळे दोन ठिकाणी टोचून पाहावे. झाल्यावर दहा मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवावा आणि निदान तासभर तरी कापू नये, कारण गरम असताना नीट भाजलेला ब्रेडही आतून चिकट लागतो.

शेवटची बाब शुद्धिपत्राची आहे. साहित्याच्या यादीत ‘खाण्याचा सोडा, दीड चमचा’ असे छापले आहे, पण संपूर्ण पाककृतीत दही, ताक किंवा लिंबूरस यांपैकी काहीच नाही. आंबट घटकाशिवाय सोडा पुरेसा फुलत नाही आणि उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव तोंडात रेंगाळते. तिथे बेकिंग पावडर अभिप्रेत असावी, असा माझा अंदाज आहे. तिसऱ्या खेपेस मी तीच घातली आणि ब्रेड चांगला फुगला. पुढील पुरवणीत ही दुरुस्ती, साच्याचे माप आणि भाजी पिळून घेण्याची एक ओळ छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक