‘काहीच नव्हते’ असं मी म्हटलं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ॲनिमेवरचा, म्हणजे जपानी कार्टूनवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असावा. तिसऱ्या रकान्यात चक्क छापलंय, ‘ओटीटी येण्यापूर्वी इंटरनेटवर चाहत्यांसाठी काहीच उपलब्ध नव्हते, असे जुने चाहते सांगतात.’ संपादक महाशय, हे ‘जुने चाहते’ म्हणजे मी. एकटी. अनेकवचन आदरार्थी असेल असं समजून घेते.

तुमच्या प्रतिनिधीचा फोन आला तेव्हा मी तिच्याशी पाऊण तास बोलले. गॅसवरचं वरण करपलं. त्या पाऊण तासात मी एकच गोष्ट सांगत होते, ती म्हणजे तेव्हा काय काय होतं. ती बिचारी ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणत होती, पलीकडून टाइप केल्याचा आवाजही येत होता. काय टाइप होत होतं ते रविवारी कळलं.

तर तोच पाऊण तास इथे पुन्हा लिहिते. या वेळी वरण आधीच उतरवून ठेवलंय.

साल १९९९, गाव सांगली. एस.टी. स्टँडजवळ एका जिन्याखाली सायबर कॅफे होता, तासाला पन्नास रुपये. कुठल्याशा कॉलेजची माहिती काढायला वडिलांनी पैसे दिले होते. कॉलेजचं पान काही उघडेना. वीस मिनिटं शिल्लक होती आणि पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून अल्टाविस्टावर ‘मोगली’ शोधलं. दूरदर्शनवरच्या त्या मालिकेवर आमची पिढी वाढली. गाणं गुलजारांचं, शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा, त्यामुळे ते सगळं आपलंच आहे अशी माझी ठाम समजूत होती. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची बावन्न भागांची मालिका आहे, हे मला त्या जिन्याखाली कळलं. आधी खोटंच वाटलं. दुसऱ्या दिवशी खाऊचे पैसे घेऊन पुन्हा गेले.

आणि तिथून ‘ॲनिमे वेब टर्नपाईक’ला पोचले. चाहते त्याला नुसतं ‘ॲनिपाईक’ म्हणत. जे हार्वे नावाच्या गृहस्थाने ऑगस्ट १९९५ मध्ये ते सुरू केलं. टर्नपाईक म्हणजे टोलचा रस्ता, पण टोल कुणी मागितला नाही. आपल्याकडच्या कंत्राटदारांना हे सांगूनही पटणार नाही. तिथे मालिकांची नावं अक्षरानुसार लावलेली असत, आणि प्रत्येक नावाखाली त्या मालिकेवर जगात कुणी कुणी पान केलंय त्याची यादी. कुणी पात्रांच्या वाढदिवसांचं पान केलेलं, कुणी गाण्यांच्या शब्दांचं, कुणी फक्त एका खलनायकाचं. आपलं पान आपणच कळवायचं, मग ते यादीत चढायचं. गूगल तेव्हा रांगत होतं. कुठलं यंत्र आपल्याला काय आवडेल हे ठरवत नव्हतं. यादी होती, आणि आपलं बोट.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या प्रतिनिधीने मला विचारलं होतं, ‘मग तुम्ही तेव्हा बघायचात कुठे?’ मी म्हटलं, बघत नव्हते, वाचत होते. बहुधा इथेच घात झाला. ‘बघत नव्हते’ याचं छापून येईपर्यंत ‘काहीच नव्हते’ झालं.

पण वाचत होते म्हणजे खरोखर वाचत होते. त्या मोडेमवर मिनिटभराचा व्हिडिओ उतरवायचा तर कॅफेवाल्याला सातबारा लिहून द्यावा लागला असता. मजकूर मात्र भराभर यायचा. आणि मजकूर भरपूर होता, कारण अमेरिकेतले, युरोपातले चाहते घरी बसून जपानी संवादांचं भाषांतर करायचे आणि प्रसंगवार टाइप करून नेटवर ठेवायचे. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या चित्रपटांना वाहिलेलं नॉसिका डॉट नेट तर पाठ्यपुस्तकासारखं होतं: कोण कुठे चित्रकार होता, कुठल्या प्रसंगाचा अर्थ काय, वाचकांच्या नेहमीच्या शंका, त्यांची उत्तरं. मी ते फ्लॉपीत भरून मामांच्या ऑफिसात न्यायचे आणि रविवारी त्यांच्या डॉट मॅट्रिक्सवर छापायचे. भोकांच्या पट्टीच्या कागदाचे गठ्ठे. आई म्हणायची, ही पोरगी एवढा कसला अभ्यास करते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ मी आधी असा वाचून काढला. प्रत्यक्ष पाहायला २००४ उजाडलं. संवाद सगळे पाठ होते. पण बसथांब्यावरच्या पावसात तोतोरो छत्री घेऊन उभा आहे आणि छत्रीवर थेंब टपकतात, तो आवाज कुठल्याच भाषांतरकाराने लिहिला नव्हता. कंसात ‘पाऊस’ एवढंच होतं. पाच वर्षं मी तो पाऊस सांगलीच्या पत्र्यावरचा समजत होते. हे मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं तेव्हा ती क्षणभर टाइप करायची थांबली होती, म्हणून मला वाटलं की हे तरी छापतील.

कॅसेटींचंही सांगितलं. चाहतेच इंग्रजी अक्षरं चढवून व्हीएचएस कॅसेट करत, आणि ‘विक्रीसाठी नाही’ असं वर बजावत. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवलं की कॉपी करून मिळायची. कुणाकडे काय आहे याच्या याद्या नेटवर होत्या. मीही टपालखर्चाचा हिशेब मांडून ठेवला होता. मग एका पानावर कुणीतरी समजावून सांगितलेलं वाचलं की अमेरिकेतली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते आणि पाल पद्धतीच्या साध्या व्हीसीआरवर ती नीट दिसत नाही. आमचा व्हीसीआर पाल होता. हिशेबाचा कागद फाडला. पण अशी फसगत होऊ नये म्हणून आधीच लिहून ठेवणारा कुणीतरी होता, याला तुम्ही ‘काहीच नव्हते’ म्हणता.

बरं, ॲनिमे राहू द्या बाजूला. मी आज चाकणच्या कारखान्यांसाठी जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करते. घराचा हप्ता त्यावर फिटला. त्याची सुरुवात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या जिम ब्रीन यांच्या शब्दकोशाने झाली. १९९१ पासून ते जपानी-इंग्रजी शब्दांची एक फाइल वाढवत होते. जगभरातले लोक शब्द पाठवायचे, दुरुस्त्या सुचवायचे, आणि फाइल कुणालाही फुकट मिळायची. पुढे तो कोश नेटवर शोधता येऊ लागला. आज फोनवर जपानीचे जे मोफत शब्दकोश दिसतात त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हाच कोश आहे. मोल्सवर्थचा कोशही मी इतक्या वेळा उघडलेला नाही. पुण्यात रीतसर जपानी शिकायला आले तेव्हा वर्गातल्या सेन्सेईंनी विचारलं, हे शब्द कुठून आणलेस? निम्मे शब्द यंत्रमानवांच्या लढायांतले होते, त्यामुळे बाजारात भाजी घेण्याच्या पाठात माझी पंचाईत झाली, तो भाग वेगळा.

जपानी अक्षरं दिसणं हीसुद्धा मारामारीच होती. कॅफेतल्या संगणकावर जपानी फॉन्ट नसायचा, नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. त्यावरही ‘शोदोका’ नावाची एक सोय होती. तिला पानाचा पत्ता दिला की ती जपानी अक्षरांची चित्रं करून पान परत द्यायची. फॉन्ट उतरवा, अमुक करा, तमुक करा, काही नाही. हे अशासाठी लिहितेय की त्याच काळात मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर गेलं की आधी त्यांचा खास फॉन्ट उतरवावा लागे, दर वृत्तपत्राचा वेगळा. तुमचाही होता. कॅफेवाला संगणकात काही भरू द्यायचा नाही, म्हणून जिन्याखाली बसून मला जपानी वाचता येत होतं आणि मराठी नाही! आता फॉन्टचा प्रश्न मिटला, तर तुमचा ई-पेपर उघडताना ओटीपी मागतो, मग ॲप घ्या म्हणतो, मग जाहिरात, आणि त्या जाहिरातीची फुली अशा जागी की बोट नेमकं जाहिरातीवरच पडतं. पंचवीस वर्षांत आपण नेमके कुठे पोचलो?

असो. लेखात ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या ओटीटीचं भरभरून कौतुक आहे, ‘चाहत्यांना प्रथमच व्यासपीठ मिळाले’ वगैरे. माझीही तिथे वर्गणी आहे, तक्रार नाही. पण २००६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा तिथे होतं काय? चाहत्यांनी फुकट भाषांतर केलेले भाग, तेही हक्कदारांच्या परवानगीशिवाय चढवलेले. जपानी वाहिनीशी करार झाला आणि मग २००९ च्या जानेवारीत ते कायदेशीर झालं. त्याआधी २००२ मध्ये सुरू झालेलं, चाहत्यांनी भाषांतर केलेल्या भागांचे दुवे देणारं ॲनिमेसुकी मात्र एखाद्या मालिकेचे हक्क अमेरिकेत विकले गेले की तिचे दुवे स्वतःहून काढून टाकायचं. एका पैशाचा फायदा नसताना. व्यासपीठ आधी कुणी बांधलं आणि त्यावर नंतर कोण चढलं, एवढं तरी एका वाक्यात यायला हवं होतं. की जाहिरात विभागाला विचारून लिहायचं असतं?

‘पुरावा काय?’ असं तुमच्याकडचं कुणी म्हणेल. जिओसिटीज म्हणजे कुणालाही आपलं पान फुकट करता येई अशी जागा; तिथे ‘टोकियो’ नावाची आख्खी वस्ती होती, घरांना नंबर असावेत तशी पानांना नंबर. २६ ऑक्टोबर २००९ ला जिओसिटीज बंद झालं. त्यातलं जमेल तेवढं ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी उचलून ठेवलं. ॲनिपाईकही आता बंद आहे, पण जुनी संकेतस्थळं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी पानं निघतात. ॲनिमे न्यूज नेटवर्क तर १९९८ पासून आजतागायत चालू आहे. लेखातल्या चौकटीतली आकडेवारी ज्या क्रमाने आली आहे तो पाहता ते संकेतस्थळ तुमच्या कचेरीत कुणाला तरी माहीत असावं.

त्या मुलीला रागावू नका. आवाजावरून तेवीस-चोवीसची वाटली, आणि तिने दोनशे शब्द दिले असतील तर तुम्ही वीस ठेवले असतील, हेही मी समजू शकते. फ्लॉपी अजून माझ्याकडे आहेत, अकरा. एकीवर आईच्या अक्षरात ‘अभ्यास’ असं लेबल आहे. वाचायला ड्राइव्ह नाही. त्या मुलीला यायचं असेल तर कोथरूडला कधीही यावं, फक्त ड्राइव्ह घेऊन यावं. जेवूनच जाईल.

आपली,
एक जुने चाहते

ता. क. : पुरवणीत ‘पोकेमॉन’ म्हणून छापलेलं चित्र डिजिमॉनमधल्या आगुमॉनचं आहे. हे माझ्या भाच्याने ओळखलं. वय वर्षं नऊ. खुलासा छापणार असाल तर कृपया पहिल्या पानावर, निदान पान अर्ध्याहून जास्त जाहिरातीचं नसेल त्या दिवशी.