पापांगीकार आणि विसरलेली कामे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांमधील अतिचंचलतेवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण मुले दहावी झाली की तो संपतो. पुढे या मुलांचे काय होते? बरीचशी तो त्रास घेऊनच मोठी होतात, नोकरी करतात, संसार करतात. मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा हाच आजार, असल्याचे चाळिशी ओलांडल्यावर कळले. मी ख्रिस्ती आहे. चर्चमधल्या माणसाला या आजाराचा जो वेगळा काच होतो, त्यावर मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून लिहिते आहे.

एडीएचडी रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञ लहानपणापासूनचे सगळे खोदून विचारतात, कारण लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत मुलांसाठी नऊपैकी सहा लक्षणांची अट आहे, तर प्रौढांसाठी पाच पुरतात. मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते. वर्गात उड्या मारणारा मुलगा बाईंना लगेच दिसतो. खिडकीतून बाहेर बघत हरवलेली मुलगी ‘शांत, गुणी’ म्हणून पुढच्या इयत्तेत जाते.

आता चर्चकडे वळते. आमची मंडळी, म्हणजे आमचे स्थानिक चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च झाले, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळीही होत्या. त्यांच्या जुन्या परंपरेतल्या पापांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पापांच्या कबुलीत, एक वाक्य आहे: जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही. बाकीची मंडळी हे वाक्य म्हणून पुढे जातात. माझी गाडी तिथेच अडते. विजेचे बिल, आजारी मावशीला करायचा फोन, महिला मंडळाचा हिशेब, आणि सगळ्यांत बोचणारी गोष्ट म्हणजे कोणाला तरी ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते हं’ असा दिलेला शब्द, जो फाटकापर्यंत जाईतो डोक्यातून पुसला जातो. दर रविवारी अशी यादी घेऊन देवासमोर उभे राहायचे, क्षमा मिळाल्याचे ऐकायचे आणि पुढच्या रविवारी तीच यादी परत. वर्षानुवर्षे असे झाले की माणूस एकच अर्थ काढतो: माझा पश्चात्तापच खोटा.

असे विसरणे चर्चमध्ये पापच समजले जाते. पण आपल्या लोकांना त्याबद्दल बोल लावताना एवढे सांगायला हवे की डॉक्टरांनीही एकेकाळी याकडे नैतिक दोष म्हणूनच पाहिले. १९०२ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनीही नैतिक नियंत्रणातल्या उणिवेचीच भाषा वापरली होती. वैद्यकशास्त्र तिथून पुढे आले. आज जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानतात. आमचे उपदेश मात्र अजून १९०२ मध्येच आहेत.

मी पहिल्यांदा मन मोकळे केले तेव्हा मिळालेला सल्ला प्रेमाचाच होता. ‘पहाटे चारला ऊठ, बाई. तासभर शांत बस, बायबलमधल्या वचनावर मनन कर. सैतान मन भरकटवतो, त्याला जागा देऊ नकोस.’ पण एका जागी बसणे, ठरल्या वेळी उठणे, एका विचारावर टिकून राहणे, नेमके हेच तर माझ्या मेंदूला जड जाते. ज्याची तूट आहे तेच भांडवल घालून तूट भरून काढायला सांगण्यासारखे आहे हे. दुसरीकडे, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढून, जिथे प्रेषित पौल ‘जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही’ असे म्हणतो, ‘बघ, पौलाचेही असेच व्हायचे’ म्हणणारेही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते मला पटत नाही. पौल तिथे पापाबद्दल बोलतो आहे, गॅसवर ठेवलेल्या दुधाबद्दल नाही. माझ्या विसरण्याने कोणाचे नुकसान झाले तर त्या माणसाची माफी मी मागणारच, त्यातून मला सूट नको. पण ती माफी आणि पापाची कबुली या दोन गोष्टी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तरी वेगळ्या ठेवाव्यात.

औषधांबद्दल तर बोलायलाच नको. यावरचे एक मुख्य औषध, मेथिलफेनिडेट, शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यातली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि हे औषध विकायचा वेगळा परवाना थोड्याच दुकानांकडे असतो. एवढे सोपस्कार पाहिले की नात्यातले लोक ‘गुंगीच्या गोळ्या’ म्हणू लागतात, वास्तविक हे औषध गुंगीच्या अगदी उलट काम करते. सगळ्यांनाच ते लागते असे नाही, आणि त्याने आजार मुळापासून जातही नाही. पण ‘प्रार्थनेने बरी झाले, गोळ्या फेकून दिल्या’ अशी साक्ष मी भर सभेत ऐकली आहे आणि लोकांनी तिला ‘आमेन’ म्हटलेलेही. मूळच्या कॅनडाच्या मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले ते प्रार्थना कमी पडली म्हणून का? गावोगावच्या मिशन दवाखान्यांवर अभिमानाने बोलणाऱ्या समाजाने मेंदूच्या गोळीला अविश्वास म्हणावे, याचे मला खरेच नवल वाटते.

मला उपयोगी पडले ते साधे आहे. वचन मी वाचण्याऐवजी ऐकते, तेही भाजी निवडताना. प्रार्थना लहान करते आणि कोणासाठी करायची असेल तर त्याच्यासमोर, उभ्या उभ्याच करून टाकते. एक मैत्रीण संध्याकाळी फोनवर येते, दोघी मिळून स्तोत्र म्हणतो. येशूने सांगितलेले ‘दोघे किंवा तिघे’ जमण्याचे महत्त्व मला नव्याने कळले. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजने! टाळ हातात असला की माझे मन कुठे जात नाही. उपदेश चाळीस मिनिटांवर गेला की मी मागे जाऊन उभी राहते. वळून बघणारे अजून बघतात.

पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून एकदा तरी स्पष्ट म्हणावे की मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे आणि औषध घेणे हे विश्वास सोडणे नव्हे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे घेतली जातात तेव्हा या आजाराचेही नाव यावे. आणि संडे स्कूलमध्ये एखादे मूल सारखी चुळबुळ करत असेल, तर बाईंनी त्याच्या आईवडिलांशी बोलताना त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांबद्दलही जरा विचारून पाहावे.

– एक वाचक, अहिल्यानगर
(नाव छापू नये, ही विनंती.)