बाबांचा डावा हात

कुडाळच्या बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या दादांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा लहान, तरी दादाच म्हणते. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "माझा नाव खंय घालू नकात." पण आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत नवा लॅपटॉप, माझ्या चुलतभावाचा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणि प्लास्टिकच्या पाकिटातली एक सीडी एवढंच होतं. सीडीवर मार्करने लिहिलेलं होतं, "डबलबारी, चतुर्थी 2007". डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. आमच्या देवळातल्या त्या बारीत बाबा पखवाजाला होते. 2011 साली ते गेले. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांच्या हातचं वाजवणं फक्त त्या एका सीडीत. मुंबईच्या एका चाकरमान्याने रेकॉर्डिंग करून तिची कॉपी आम्हाला दिली होती. तुमच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली, तर "सीडी आता कोण वापरतो, फेकून द्या" एवढंच ऐकून परत आले होते.

मी तुम्हाला अभिमानाने सांगितलं होतं की गाणी मी लॅपटॉपवर आधीच घेऊन ठेवली आहेत, फक्त ती वाजत नाहीत. भावाच्या घरी सीडी उघडून सगळ्या फाइल ओढून डेस्कटॉपवर टाकल्या होत्या. तुम्ही फोल्डर उघडलात, फाइलींच्या आकारावर बोट ठेवलंत. प्रत्येकीसमोर 1 केबी. "ताईनू, ही गाणी नाय. ह्यो गाण्यांचो नुसतो पत्तो. गाणी अजून सीडीतच आसत."

माझ्या पोटात धस्स झालं. ती सीडी मी त्याच आठवड्यात भंगारात घालणार होते.

मग समोर गिऱ्हाईक उभं असतानाही तुम्ही मला समजावत बसलात. गाण्याच्या सीडीवर फाइली नसतातच. आत एक सलग वेटोळं असतं, आतून सुरू होऊन कडेकडे जाणारं, सरळ केलं तर साधारण साडेपाच किलोमीटर भरेल एवढं लांब. आवाजाची एका सेकंदात 44,100 मापं, डाव्या-उजव्या बाजूची वेगळी, त्या वेटोळ्यावर ओळीने मांडलेली. विंडोजला काहीतरी दाखवायला हवं म्हणून ते प्रत्येक गाण्याच्या नावाने सीडीए नावाची 44 बाइटची चिठ्ठी दाखवतं: अमुक गाणं इथून सुरू, इतकं लांब. चिठ्ठी उचलली म्हणजे गाणं आलं असं नाही. गाणं खरोखर आणायचं तर ते रिप करावं लागतं, म्हणजे ड्राइव्हने वेटोळं पहिल्यापासून वाचून त्याची फाइल बनवावी लागते. इतक्या सोप्या शब्दांत हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

ड्राइव्ह जोडला तर आत नुसतं कट् कट्. मला वाटलं, सीडीच गेली. तुम्ही खणातून एक वायर काढलीत, एका बाजूला यूएसबीची दोन तोंडं असलेली. जुन्या पद्धतीच्या पोर्टातून 500 मिलीअँपिअरपर्यंतच वीज घेता येते, आणि सीडी फिरायला लागली की ड्राइव्हला त्याहून जास्त लागते. एका तोंडाने भागत नसेल तर दोन्ही लावायची. लावल्याबरोबर कट् कट् थांबलं. असा लॅपटॉपसारखा पातळ ड्राइव्ह असेल तर सीडी मधल्या दांड्यावर टक् आवाज होईपर्यंत दाबून बसवायची, हेही तेव्हाच कळलं. मी ती नुसती वर ठेवत होते.

सीडी उजेडात धरून तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. कडेला बोटभर रुंदीची धुरकट पट्टी होती. आपल्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते, सीडी कशी सुटेल? घरी येऊन मी शोधलं तेव्हा कळलं की बेलिझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीत बुरशीने आतला चकचकीत थर खाल्लेला 2001 साली स्पेनच्या शास्त्रज्ञांना सापडला होता. आमची सीडी तितकी गेली नव्हती. थोडं पाणी लावलेल्या मऊ फडक्याने तुम्ही ती मधून कडेकडे सरळ पुसलीत, गोल गोल नाही. गोल पुसताना खडा अडकला तर चरा वेटोळ्याच्या दिशेनेच जातो आणि सलग मापं जातात. आडवा चरा असेल तर दर फेऱ्याला थोडंसंच हुकतं आणि ते सीडीतल्या जादा नोंदींवरून भरून काढता येतं.

आणि एक गोष्ट अशी सांगितलीत की मला खरोखर वाईट वाटलं. इतकी वर्षं मी सीडी ठेवताना चकचकीत बाजू वर आणि लिहिलेली बाजू खाली ठेवत आले, चकचकीत बाजूला चरा पडू नये म्हणून. खरा नाजूक थर लिहिलेल्या बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो. चकचकीत बाजूला तरी वर एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक आहे. मी जपत होते ती बाजू मुळातच मजबूत होती. हे ज्यांच्या घरी जुन्या सीड्या आहेत त्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

पहिली गाणी भराभर आली. रूपावली, अभंग, गौळण. शेवटचा गजर मात्र त्या धुरकट पट्टीत अडकलेला. तुम्ही वेग कमी केलात, आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून जुळणी बघणारं सॉफ्टवेअर लावलंत. अडलेला तुकडा ते वाईटात वाईट 82 वेळा वाचतं म्हणे. माझी शेवटची एसटी निघायची वेळ झाली. तुम्ही म्हणालात, "जावा तुम्ही, रात्रभर चालू ठेवतंय." परक्याच्या सीडीसाठी तुम्ही दुकानातला कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवलात, दादा. सकाळी फोन आला: गजर आला, मध्ये अकरा सेकंदांचा तुकडा खरखरतो, त्याला इलाज नाही. पैसे घेतलेत ते फक्त पेनड्राइव्हचे. फाइली फ्लॅकमध्ये दिल्यात, म्हणजे आवाजातलं काही न टाकता कमी जागेत. एमपीथ्री करताना बारीकसारीक गळतं आणि ते परत येत नाही, म्हणून एमपीथ्री मोबाइलपुरती वेगळी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

घरी लॅपटॉपवर गौळण लावली. बुवांचा आवाज स्वच्छ, पेटी स्वच्छ, टाळ तर अगदी कानाशी. पखवाज मात्र नुसता टक टक. बाबांचा पखवाज असा नव्हता. मी तुम्हाला फोन केला, रेकॉर्डिंगच असं असेल का म्हणून. तुम्ही विचारलंत, "लॅपटॉपच्याच स्पीकरार लावलास? तेका खालचो आवाज काढूक येणा नाय." इतका छोटा पडदा तितकी हवा हलवू शकत नाही, म्हणून डाव्या तोंडाचा घुमारा लॅपटॉपमधून बाहेरच येत नाही. फाइलीत तो आहे. टीव्हीच्या कपाटावरचा जुना मोठा स्पीकर हेडफोनच्या भोकातून वायरने जोडा, आणि आवाजाच्या सेटिंगमधली ‘सुधारणा’ (एन्हान्समेंट) बंद करा, असं तुम्ही सांगितलंत.

बाबा बारीला निघायचे त्या संध्याकाळी आई भाकऱ्यांआधी मूठभर कणीक वेगळी मळायची. ती पुरचुंडी पखवाजासोबत जायची, डाव्या तोंडाला लावायला. बारी सुरू होण्याआधी बाबा ती अंगठ्याने पसरत, थाप मारून बघत, पुन्हा थोडी लावत. लहानपणी मी शेजारी बसून उरलेल्या कणकेचे गणपती करायचे.

मोठ्या स्पीकरवर पहिला ट्रॅक लावला. सुरुवातीला गाणं नाहीच. माणसांची कुजबुज, कोणीतरी खोकतं, आणि मग थाप. थोडा वेळ शांत. पुन्हा थाप, आधीपेक्षा खोल. खिडकीची काच थरथरली. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "ह्यो तुझ्या बापाशीचो हात." मग पुन्हा कान देऊन म्हणाली, "त्या दिसा कणीक वायच जास्ती लावल्यान."

पुढचा तासभर आम्ही दोघी बोललो नाही. गजरात ती अकरा सेकंदांची खरखर आली तेव्हा आई हाताने ठेका धरून राहिली आणि खरखर संपल्यावर बाबांच्या समेला बरोबर येऊन मिळाली.

दादा, आभार मानायला शब्द शोधत होते, पण जे घडलं तेच लिहून काढलं. घरातल्या दुसऱ्या तीन गाण्यांच्या सीड्या मी स्वतः रिप केल्या. सरळ पुसून, टक् आवाज होईपर्यंत दाबून, वेग कमी ठेवून. तिन्ही आल्या. आता सीड्या लिहिलेली बाजू वर करून, पाकिटात उभ्या ठेवल्या आहेत.

तुमची दोन तोंडांची वायर माझ्याकडेच राहिली आहे. शनिवारी कुडाळला येते तेव्हा आणून देते. आईने तुमच्यासाठी खाजं घेऊन ठेवलंय, तेही घेऊन येते.

तुमची,
मालवण तालुक्यातली ताई