पम्यास, राजगडच्या चटक्याबद्दल

पम्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा म्हणालो होतो निवांत करतो, आणि केलाच नाही. कारण काही नाही रे, राहून गेलं, आणि एकदा राहिलं की तोंड दाखवायला लाज वाटते आणि मग आणखी राहतं. आईची शुगर ठीक, माझा गुडघा उतरताना दुखतो, बाकी सगळे मजेत. आता मुद्द्याचं सांगतो. फोनवर जमलं नसतं म्हणून लिहितोय.

मी मनूला राजगडचं सांगितलं. तुझ्या हातावरच्या चटक्याचं खरं कोणाला सांगायचं नाही, ही शपथ मोडली.

झालं असं की मनू आणि तिच्या कॉलेजच्या चौघीजणी रतनगड ते हरिश्चंद्रगड करतायत. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मग पाचनई, आपलाच रूट. बरोबर कोणी मोठं माणूस नाही. कांचन म्हणाली तूच लहानपणापासून डोंगरात फिरवलंस, आता कशाला घाबरतोस. मी म्हटलं जा, वाटाड्या गावातून घ्या, पण स्टोव्ह मी निवडणार. त्यावर मनू म्हणाली बाबा, गावागावात जेवण मिळतं, हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते, स्टोव्ह हवाय कशाला? खरंय तिचं. पण मधेच कुठे अंधार पडला, कोणाला ताप आला, तर गरम पाणी तरी करता यायला हवं की नाही? तू माझ्या बाजूने बोलशील हे गृहीत धरलंय.

गेले तीन आठवडे रात्री हाच एक विषय डोक्यात. ते टायटॅनियमचं बीआरएस, म्हणजे गॅसचा चिमुकला स्टोव्ह, बघितलंस का, २५ ग्रॅमचं, मुठीत मावतं. गॅसच्या डब्यावर फिरवलं की झालं. एकट्या माणसाला चहाला फर्स्टक्लास. पण पाच जणींच्या खिचडीचा टोप त्यावर ठेवायचा म्हणजे खाली डबा, वर बर्नर, त्याच्या वर चार लिटरचं डुगडुगणारं ओझं, एकीचा पाय लागला की संपलं. स्पिरिटचा स्टोव्ह हलका आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पण उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही. विझला समजून कोणी वरून स्पिरिट ओतलं तर? नाना एनसीसीतून ढापून आणायचा त्या हेक्झामिनच्या जळणाच्या वड्या आठवतात? वास मारायच्या, टोपाचा बुडखा काळा चिकट, आणि आच कमी करायची सोय नाही. सुली त्यावर मॅगी करायची तेव्हा तू तिला अन्नपूर्णा म्हणायचास आणि ती तुझ्यावर चमचा उगारायची. तीन दगडांची चूल तर विचारातच घेतली नाही. तो सगळा भाग अभयारण्यात येतो आणि जानेवारीत गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरे.

राहता राहिला गॅस. त्यातही भानगडी आहेतच. नुसतं ब्यूटेन असलेले ते लांबडे स्वस्त डबे असतात ना, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे भंडारदऱ्याच्या पहाटे त्याला धड जोरच नसतो, वर जळताना डबा स्वतःच गार पडत जातो. म्हणून आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्यायचं, आयसोब्यूटेन उणे १२ ला आणि प्रोपेन उणे ४२ ला उकळतं, ते थंडीतही दमदार जळतं. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपायचं. आणि तंबूच्या आत पेटवायचाच नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो. हे मी मनूला दहा वेळा सांगितलं, अकराव्यांदा ती म्हणाली बाबा, मी लिहून घेतलंय.

हो, आणि ट्रेनमधून गॅस न्यायचा नाही हेही बजावलं. मुली लोकलने कसाऱ्याला जाणार होत्या. आपण रॉकेलची बाटली बिनधास्त लोकलमधून न्यायचो, आता आठवलं की हातपाय गार पडतात. २०२३ मध्ये मदुराईला रेल्वेच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलेंडरने आग लागून ९ माणसं गेली. रतनवाडीपर्यंत मीच गाडीने सोडणार आहे त्यांना. (रॉकेलवरून आठवलं, पोह्यांवर रॉकेल सांडलं होतं तेव्हा बाटलीचं बूच तूच सैल लावलं होतंस. मी अजूनही हेच म्हणतो.)

तर मागच्या शनिवारी रंगीत तालीम म्हणून मी आणि मनू रतनवाडीला गेलो. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरामागे खळं आहे, तिथे गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हवर स्वयंपाक मांडला. वारा असा की ज्योत आडवी. अर्धा तास झाला तरी आधणाला बुडबुडा येईना. मी पिशवीतून ॲल्युमिनियमचा पत्रा काढला आणि स्टोव्हभोवती गोल उभा केला, डब्यासकट, चारी बाजूंनी, वरून तो रुंद टोप. पाच मिनिटांत पाणी खदखदायला लागलं आणि मी खूश. मनू तांदूळ धूत होती. ओल्या हाताने आली, पत्र्याच्या फटीतून बोटं घालून डब्याला लावली आणि झटकन मागे घेतली. काही बोलली नाही. पत्रा लाथेने उडवला, ओढणीच्या टोकाने नॉब धरून बंद केला आणि मला दंडाला धरून मागे ओढलं. पलीकडे दहा पावलांवर पेंढ्याची रास होती.

डब्यावरच लिहिलेलं असतं रे, ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. टोपाखालून परत आलेली आच पत्र्याने कोंडली आणि सगळी डब्यात गेली. हात ठेववत नसेल तर आच बंद, हा नियम मीच तिला शिकवला होता. पंचवीस वर्षं डोंगरात काढलेल्या माणसाला, भूक लागली आणि वारा सुटला म्हणून, तो आठवला नाही.

रात्री ती म्हणाली, पम्याकाकाच्या हातावरचा डाग सायलेन्सरचा नाही ना? तिला कुठून वाटलं देव जाणे. म्हणाली सायलेन्सरचा चटका पायाला बसतो, मनगटाच्या वर कसा बसेल? काकूंना हे कधी सुचलं नाही, या पोरीला सुचलं. मग मी सगळं सांगितलं. पद्मावती माची, देवळाचा आडोसा, काकांचा पितळी स्टोव्ह, भडका, तुझ्या स्वेटरची बाही.

आणि तिला जे सांगितलं ते तुला कधीच सांगितलेलं नाही. तू आजवर म्हणत आलास की स्टोव्हच्या पंपाचा वाशर गेला होता. काकांनीही तेच धरलं, नवा चामड्याचा वाशर आणून तेलात भिजवून बसवला, आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. पम्या, वाशर चांगला होता. तू पाणी आणायला टाक्यावर गेला होतास, मला भूक लागली होती, बर्नर तापवायचा काकडा अर्धाच जळला होता आणि मी पंप मारला. बर्नर तापला नसेल तर वाफ येत नाही, नुसतं रॉकेल पिचकारीसारखं उडतं. तू येऊन वाकलास आणि त्याच वेळी त्याने पेट घेतला. काका ओरडले ते तुला. मी तेव्हाही गप्प बसलो, आणि तू अमृतांजनच्या डबीवरून माझ्याशी भांडून दोन महिने बोलला नाहीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं, काहीतरी शिक्षा झाली म्हणून. काका गेले तेव्हा सांगणार होतो. तुझ्या दारात येऊन उभा राहिलो आणि नुसतीच मिठी मारली.

मनूने ऐकलं आणि एवढंच विचारलं, काकाला सांगितलंस का? म्हणून हे पत्र.

स्टोव्ह शेवटी नळीवाला घेतला, बर्नर जमिनीवर तीन पायांवर बसतो आणि डबा बाजूला लांब राहतो, मधे नळी. त्याच्या बर्नरभोवती पत्रा लावला तरी डब्याला झळ नाही. वजन १०० ग्रॅमने वाढलं तर वाढलं, पाच जणींत वाटून घेतील. कमी वजनाच्या नादाला लागायचं नाही हे तुझं म्हणणं होतं, मी तुला हमाल म्हणायचो. बरोबर तूच होतास. २३० ग्रॅमचा एक डबा देतोय, अर्धा लिटर पाण्याला साधारण ८ ग्रॅम गॅस धरला तर वाऱ्यात वाया जाऊनही तीन दिवस पुरेल. मनूने घराच्या गच्चीवर चार वेळा लावून दाखवलाय. माझ्या हातात ती आता नॉब देत नाही.

काकांचा स्टोव्ह अजून माझ्याकडे माळ्यावर आहे. तुझा आहे, कधीही मागून घे. त्याला हात लावायचा धीर मला होत नाही.

तुझ्या बंगळूरच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? चिन्मयची दहावी ना यंदा, त्याला म्हणावं झोप पूर्ण घे. वहिनींचा खांदा कसा आहे? गोट्या भेटला होता, टक्कल पूर्ण पडलंय आणि तुझी चौकशी करत होता.

मनूला तुझ्याशी बोलायचंय, निघायच्या आधी. शुक्रवारी रात्री जेवून निघतोय आम्ही. माझ्याशी बोलायचं नसेल तर तिच्या नंबरवर कर.

तुझा,
अव्या