रामनदीकाठच्या अनाम हातांचे आभार

खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करत पुण्यात बाणेरजवळ मुळा नदीला मिळणाऱ्या रामनदीच्या काठी मी अनेक वर्षे राहत आहे. या काठासाठी पहाटे उठून राबलेल्या, पण कुठल्याही फलकावर नाव नसलेल्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते.

गुडघाभर चिखलात उतरून ज्यांनी जलपर्णी ओढून काढली, झुडपांच्या मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या एकेक करून सोडवल्या आणि काठावर शोभेची विदेशी झाडे न लावता वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांचीच रोपे लावण्याचा आग्रह धरला, त्यांचे ऋण मोठे आहे. वाळुंजाची मुळे पुराच्या पाण्यातही माती धरून ठेवतात आणि उंबराच्या फळांवर पक्षी, वटवाघळे जगतात, हे मला त्यांच्याकडूनच समजले. काठाला काँक्रीटच्या भिंती नकोत, पाणी जमिनीत मुरायला हवे, हेही त्यांनी न कंटाळता प्रत्येकाला समजावून सांगितले.

उन्हाळ्यात कॅन वाहून रोपे जगवणाऱ्या त्या दोन आजोबांना आणि शाळकरी मुलांना विशेष धन्यवाद. सांडपाणी अजून पूर्ण थांबलेले नाही, त्यामुळे काम पुष्कळ उरले आहे. तरीही आता संध्याकाळी मातीच्या पायवाटेवर माणसे निवांत फिरतात आणि करंजाच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या येऊन बसतो.